आमचा डॅन्यूबकांठचा बेत

प्रवास करून आल्यावर त्याची हकीकत लिहावी, असा शिरस्ता आहे. घडावयाच्या प्रवासाविषयीं आधींच लिहिणारा मनुष्य उतावळा गणला जातो. तरीपण येत्या मे महिन्याच्या सुट्टींत युरोपांतील डॅन्यूब नदीच्या कांठानें सायकलीवरून जाण्याचा आम्हां चौघां मित्रांचा जो बेत चालला आहे, त्यानें निघण्यापूर्वींच आम्हांस पुष्कळ शिकविलें आहे. तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आम्ही चौघे कॉलेजच्या वसतिगृहांत एकत्र राहिलों. आज एक बँकेंत आहे, एक शेती पाहतो, एक औषधांचें दुकान चालवितो, आणि मी शिक्षक. वसतिगृहाच्या दिवसांत मुंबईच्या पारशी तरुणांची हकीकत आमच्या वाचनांत आली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा जण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं मुंबईस परतले. त्यांच्या धाडसाची बरोबरी आम्ही काय करणार! परंतु आपणही एकदां दूर देशीं सायकलीनें जावें, ही इच्छा तेव्हांपासून मनांत घर करून राहिली.

डॅन्यूब निवडण्यास कारणें आहेत. ही नदी जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्ट नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत उगम पावते आणि दहा देशांतून सुमारे २,८५० किलोमीटर वाहत जाऊन काळ्या समुद्रास मिळते. तिच्या कांठानें सायकलस्वारांसाठीं खुणा लावलेला मार्ग आहे. प्रवाहाच्या दिशेनें गेल्यास उतार सौम्य मिळतो. वाराही तिकडे बहुधा पश्चिमेकडून वाहतो व पाठीशीं राहतो. उगमापासून मुखापर्यंत जावें, असा आमचा पहिला संकल्प होता. बँकेंतील मित्रानें हिशेब मांडला : रोज ९० किलोमीटर, म्हणजे ३२ दिवस, आठवड्यास एक दिवस विसावा व विमानानें जाण्यायेण्याचे दिवस धरून सुट्टी कशीबशी पुरत होती.

तोंच औषधांच्या दुकानवाल्या मित्राचा गुडघा दुखूं लागला. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, सायकल चालविण्यास हरकत नाहीं. मात्र दिवसाकाठीं चाळीस किलोमीटरांहून अधिक नको. त्या शनिवारीं तो नकाशापाशीं बसला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही तिघे जा. मी विमानतळावर निरोप द्यावयास येईन."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग बँकेंतील मित्र म्हणाला, "वीस वर्षें ज्याची वाट पाहिली, तें आतां सोडावयाचें काय? पन्नाशी ओलांडल्यावर आपल्यानें हें होणार आहे काय?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. विजेची मोटर लावलेली सायकल घ्यावी, अशी सूचना निघाली. रोजचा टप्पा त्यानें आगगाडीनें गांठावा, अशीही निघाली. दोन्ही सूचना त्यानें नाकारल्या. "तुमच्याबरोबर यावयाचें तें एकटें डब्यांत बसण्यासाठीं नव्हे," असें तो म्हणाला. या प्रश्नावर तीन शनिवार गेले. शेवटीं बँकेंतील मित्रानेंच नवा कागद घेतला व लिहिलें : पासाऊ ते व्हिएन्ना, अदमासें ३२० किलोमीटर, रोज ४०, दिवस आठ.

हें ठरतांच शेतकरी मित्रानें एक दीर्घ श्वास सोडला. मोठ्या प्रवासाच्या खर्चासाठीं विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याचें त्यानें मनांत योजिलें होतें आणि त्याविषयीं घरींदारीं अवाक्षर काढलें नव्हतें. एकानें आपली अडचण मोकळेपणानें सांगितली, म्हणून दुसऱ्यास आपली सांगण्याचा धीर झाला!

कागदपत्रांचें कामही सोपें झालें. पूर्वींच्या मार्गांत सर्बिया हा शेंगेन करारांत नसलेला देश होता. त्यामुळें करारक्षेत्राबाहेर जाऊन पुन्हां आंत येण्याची मुभा देणारा परवाना लागला असता. आतां जर्मनी व ऑस्ट्रिया हे दोनच देश राहिले. ज्या देशांत मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा, असा नियम असल्यानें आमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल. त्यासोबत निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मार्ग आखुडला, तसा पाहण्यास वेळ मिळाला. पासाऊ येथें डॅन्यूब, इन व इल्झ या तीन नद्यांचा संगम आहे. २०१३ च्या जून महिन्यांत तेथें मोठा पूर आला होता. पुढें श्लोगन येथें नदी जवळजवळ उलट फिरते व सायकलस्वारांस नावेंतून पलीकडे नेतात. लिंझच्या पुढें माउटहाउझेन लागतें. पहिल्या बेतांत तें नकाशावरील एक ठिपका होतें. १९३८ ते १९४५ या काळांत नाझी राजवटीची छळछावणी तेथें होती; ती छावणी व तिच्या उपछावण्या मिळून निदान ९०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथें अर्धा दिवस थांबावयाचें आम्हीं एकमतानें ठरविलें आहे. त्यानंतर वाखाऊचें द्राक्षमळ्यांनीं व जर्दाळूच्या बागांनीं भरलेलें खोरें आणि ड्यूर्नस्टाइनचा तो पडका किल्ला, जेथें इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ सालीं कैदेंत पडला.

सध्यां दर रविवारीं दुपारीं आम्ही सामान लादून सराव करितों. पंक्चर काढणें, चेन बसविणें चौघांसही आलें पाहिजे, असा दंडक आहे. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनें जावें लागतें. पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा आणि घंटा हीं हवींतच. आणखी एक नियम आम्हीं स्वतः केला आहे : गुडघा दुखणारा मित्र सदैव पुढें राहील व बाकीचे त्याच्या वेगानें जातील. मागें ठेवल्यास दमलेला मनुष्य गाठण्यासाठीं धडपडतो व अधिकच दमतो, हें पहिल्याच रविवारीं दिसून आलें.

बालमित्रांनो, तुम्हीही सहलींचे बेत कराल. पैसा, अंतर व दिवस यांचा हिशेब अवश्य मांडा. परंतु त्यापूर्वीं प्रत्येक सोबत्यास त्याची अडचण विचारा, आणि ती सांगतांना त्यास लाज वाटूं देऊं नका. काळा समुद्र आम्हांस कदाचित् कधींच दिसणार नाहीं. व्हिएन्नास मात्र आम्ही चौघे पोहोंचावें, अशी मनापासून आशा आहे.