एका बाकावर दोन देश



उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की तुम्हांला काय आठवते? नानीचे घर, आंबे, दुपारचा पत्ता आणि संध्याकाळचे क्रिकेट. सुट्टीत कोणी शाळेत बोलावले तर तुम्ही नाक मुरडाल. परंतु मी आज तुम्हांला अशा एका शाळेविषयी सांगणार आहे, जी सुट्टीतच भरते आणि मुले तिथे हौसेने जातात.

लंडन शहरात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन नावाचे जुने विद्यापीठ आहे. २०१५ साली या विद्यापीठाने जपानी आणि ब्रिटिश शालेय विद्यार्थ्यांसाठी एक उन्हाळी शाळा सुरू केली. तुमच्याहून थोडी मोठी मुले-मुली तिथे एकत्र येतात. व्याख्याने ऐकतात, गटात बसून चर्चा करतात आणि आपले विचार सर्वांसमोर मांडतात. एक मूल टोकियोकडचे, तर शेजारचे लंडनचे. बाक एक, देश दोन.

मी लंडन पाहिलेले नाही. मी शाळेत विज्ञान शिकवणारा साधा शिक्षक. मग या शाळेची गोष्ट मला इतकी जवळची का वाटली? कारण तिच्यामागे दीडशे वर्षांहून जुनी एक हकिकत आहे, आणि त्या हकिकतीत मला तुम्ही दिसता.

त्या काळी जपान देशाने आपली दारे जवळजवळ बंद करून घेतली होती. देश सोडून जाणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. अशा वेळी १८६३ साली चोशू नावाच्या प्रांतातील पाच तरुण गुपचूप जहाजात बसून इंग्लंडला निघाले. त्यांतला सर्वांत धाकटा सुमारे वीस वर्षांचा होता. आणखी नवल म्हणजे, याच पाचांपैकी काहींनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला जपानमध्ये बांधकाम चालू असलेल्या ब्रिटिश वकिलातीला आग लावली होती! परदेशी माणूस आपल्या भूमीवर नको, असे त्यांना वाटत होते. मग ते इंग्लंडला का गेले? ज्याच्याशी आपले वैर आहे, त्याच्याकडे कोणती विद्या आहे हे समजून घेतले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्यांच्या प्रवासातील एक प्रसंग ऐका. पाचांपैकी दोघे, इतो हिरोबुमी आणि इनोउए काओरू, ‘पेगॅसस’ नावाच्या जहाजावर होते. तुम्ही इंग्लंडला कशासाठी चाललात, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांना ‘नेव्ही’ म्हणजे ‘आरमार’ असे सांगायचे होते. पण इंग्रजी शब्द जेमतेम येत होते. तोंडातून निघून गेले, ‘नॅव्हिगेशन’, म्हणजे जहाज चालवणे. झाले! यांना खलाशाचे काम शिकायचे आहे, असा कप्तानाचा समज झाला. त्याने दोघांना दोर ओढायला आणि डेक धुवायला लावले. आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोहोचेपर्यंत सुमारे चार महिने लागले. एका शब्दाची किंमत त्यांनी अशी घाम गाळून मोजली, असे सांगतात.

पुढे याच इतो हिरोबुमीचे काय झाले, ठाऊक आहे? १८८५ साली तो जपानचा पहिला पंतप्रधान झाला. इनोउए काओरू त्याच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होता. तिसरा, इनोउए मासारू, जपानी रेल्वेचा जनक म्हणून ओळखला जातो. चौथा, एन्दो किन्सुके, टांकसाळीचा प्रमुख झाला. पाचवा, यामाओ योझो, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जहाजबांधणीच्या कारखान्यात काम शिकला. तिथे त्याने मूकबधिर कामगारांना हाताच्या खुणांनी बोलताना पाहिले. ते इतरांइतकेच चांगले काम करत. जपानला परतल्यावर त्याने अंध आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा काढाव्यात, असा सरकारकडे आग्रह धरला. जहाज बांधायला शिकायला गेलेला माणूस येताना ही गोष्टही घेऊन आला.

आता विचाराल, अनोळखी देशात या तरुणांना आसरा कोणी दिला? अलेक्झांडर विल्यमसन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने. बारावीत गेल्यावर रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘विल्यमसन संश्लेषण’ हा भाग तुम्हांला भेटेल, तो याच माणसाचा. त्यांचा एक डोळा अधू होता आणि डावा हात नीट चालत नसे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या तरुणांपैकी काहींना आपल्या घरीच ठेवून घेतले. त्यांचे विद्यापीठही तसेच होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या जुन्या विद्यापीठांत दीर्घकाळ धर्माची अट होती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन १८२६ साली स्थापन झाले, तेव्हापासूनच तिथे विद्यार्थ्याचा धर्म विचारला जात नव्हता. म्हणून या परक्या मुलांना तिथे बाकावर जागा मिळाली.

दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, सात्सुमा प्रांतातून आणखी एकोणीस जण लंडनला आले. त्यांच्या कागोशिमा शहरावर ब्रिटिश आरमाराने १८६३ च्या ऑगस्टमध्येच तोफा डागल्या होत्या. घरे जळाली होती. तरी हे लोक त्याच ब्रिटिशांकडे शिकायला आले. त्यांनी खोटी नावे घेतली होती, कारण देश सोडण्याची बंदी अजून उठली नव्हती. त्यांतला सर्वांत लहान होता नागासावा कानाये. वय किती? अवघे तेरा! विद्यापीठात बसण्याचे त्याचे वय नव्हते, म्हणून त्याला स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या शाळेत घातले. आपल्या आठवीतल्या मुलाएवढा तो. आईवडील हजारो मैल दूर, वर्गात आपली भाषा बोलणारे कोणी नाही. पहिल्या दिवशी तो बाकावर कसा बसला असेल, याची कल्पना करून पाहा.

मित्रांनो, ही कल्पना करायला तुम्हांला फार लांब जावे लागणार नाही. मीसुद्धा उर्दू माध्यमात शिकलो. पुढे बी.एड.च्या वर्गात माझे बहुतेक सोबती मराठी माध्यमातले होते. प्रश्नाचे उत्तर मनात तयार असे, पण ते मराठीत जुळवेपर्यंत दुसराच कोणीतरी हात वर करी. भाषेत हळू असणारा माणूस बुद्धीनेही हळू असतो, असा समज जगात फार लवकर होतो. तो किती खोटा आहे, हे मी तुम्हांला शिकवताना रोज पाहतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेला आणि एका मराठी शाळेला एकाच खोलीत जागा मिळाली. आमच्या दोन मुलींनी वाळू, खडी आणि कोळसा वापरून पाणी गाळण्याचे सुंदर उपकरण केले होते. पण पाहुणे येऊन मराठीत विचारू लागले की दोघी माना खाली घालत. दुपारी जेवणाची वेळ झाली. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “डबा खाली ठेव, इथे पाणी सांडलंय.” आमची मुलगी चकित होऊन म्हणाली, “खाली? अजून तर मी जेवलेच नाही!” तुम्हांला माहीतच आहे, उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामा आणि मराठीत ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे. अर्थ कळला तेव्हा साऱ्या मुली पोट धरून हसल्या. मग शब्दांचा खेळच सुरू झाला. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर म्हणजे पुस्तकांची पिशवी. उर्दूत रजा म्हणजे मर्जी, मराठीत रजा म्हणजे सुट्टी.

दुपारनंतर मी पाहिले, तर ती मराठी मुलगी आमच्या टेबलाजवळ उभी होती. आमची मुलगी उपकरण समजावून सांगत होती आणि शब्द अडला की ती हळूच शब्द पुरवत होती, “गाळ”, “थर”, “झिरपते”. ती स्वतः उत्तर देत नव्हती. फक्त शब्द देत होती आणि थांबत होती. या थांबण्याचे मला फार अप्रूप वाटले. जाताना तिने आपले नाव उर्दूत लिहून घेतले आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचून पाहिले.

लंडनच्या त्या उन्हाळी शाळेची खरी परीक्षाही इथेच असते. चर्चा इंग्रजीत चालते. ब्रिटिश मुलांची ती घरची भाषा. जपानी मुलांनी ती शाळेत शिकलेली. शिवाय रीतही वेगळी. जपानी माणूस ऐकताना मधून मधून ‘हाय’ म्हणतो. ‘हाय’ म्हणजे ‘हो’. पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘मला पटले’ असा नसून ‘मी ऐकतो आहे’ एवढाच असतो, जसे आपण मोठ्यांचे बोलणे ऐकताना ‘जी, जी’ म्हणतो. हे ज्याला माहीत नाही, त्याला वाटते की समोरच्याने होकार दिला. जपानी मुलगा बोलण्यापूर्वी थोडा गप्प राहिला, तर त्याला काही सुचत नाही असे वाटते. अशा वेळी ज्याला भाषा येते, त्याने थांबायचे असते. ज्याला कमी येते, त्याने धीर करायचा असतो. दोघांनी आपापले काम केले, तरच देवाणघेवाण होते. एकाने बोलत राहावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी, ही देवाणघेवाण नव्हे.

तुमच्यातील एखादा हुशार विद्यार्थी विचारील, “सर, अशा ओळखीने भांडणे मिटतात का?” प्रश्न रास्त आहे आणि उत्तर खरे दिले पाहिजे. नेहमी मिटत नाहीत. आपल्या प्रांताचे परदेशी आरमाराशी युद्ध जुंपणार हे कळताच इतो आणि इनोउए काओरू १८६४ साली शिक्षण अर्धे टाकून घाईघाईने मायदेशी परतले. त्यांनी खूप समजावले. पण कोणी ऐकले नाही, युद्ध झालेच. पुढे १९०२ साली ब्रिटन आणि जपान यांनी मैत्रीचा करार केला. तरी १९४१ ते १९४५ या काळात दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एकमेकांविरुद्ध लढले. त्यात असंख्य माणसे मेली.

मग ओळखीचा उपयोग काय? १८६४ चे युद्ध थांबल्यावर तहाची बोलणी करायची वेळ आली, तेव्हा दुभाषी म्हणून कोण उभा राहिला? तोच इतो, ज्याने एका चुकीच्या शब्दापायी डेक धुतला होता. युद्ध त्याला थांबवता आले नाही, पण दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांना समजेल असे करणारा माणूस त्या दिवशी हजर होता. तो नसता तर? लढाईनंतरही कोणाला तरी बोलावेच लागते. ते काम करणारी माणसे लढाईच्या दिवशी तयार होत नाहीत. ती आधीच, शांततेच्या दिवसांत, कुठल्या तरी बाकावर तयार झालेली असतात.

विद्यापीठाच्या आवारात १९९३ साली एक स्मारक उभारले गेले. त्यावर त्या पाच आणि एकोणीस, अशा चोवीस जपान्यांची नावे कोरलेली आहेत. लंडनबाहेर ब्रुकवुड येथे मोठी दफनभूमी आहे. त्या काळी शिकायला आलेले चार जपानी तरुण परक्या हवेत आजारी पडून वारले, त्यांच्या कबरी तिथे आहेत. विल्यमसन पतिपत्नीही त्याच भूमीत विसावले आहेत. आणखी एक गोष्ट तुम्हांला सांगण्यासारखी आहे. कुराण शरीफचे इंग्रजीत भाषांतर करणारे अब्दुल्ला युसूफ अली यांची कबरही ब्रुकवुडमध्येच आहे. ते आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले होते. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत नेण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खर्ची घातली.

इंग्रजी शिकून इतो इंग्रज झाला नाही. तो जपानीच राहिला आणि आपल्या देशाच्या उपयोगी पडला. तुम्हीही मराठी शिकलात म्हणून उर्दू कुठे जाणार नाही. ती तुमच्या घरात आहे, अम्मीच्या बोलण्यात आहे. मराठी मात्र तुमच्या दाराबाहेर उभी आहे. एस.टी.च्या कंडक्टरजवळ, दवाखान्यातल्या परिचारिकेजवळ, तलाठ्याच्या कचेरीत, शेजारच्या शाळेच्या मैदानावर.

तेव्हा पुढच्या वेळी स्पर्धेत, शिबिरात किंवा सहलीत दुसऱ्या शाळेची मुले भेटली, तर आपापल्या घोळक्यात उभे राहू नका. जाऊन त्यांच्या बाकावर बसा. नाव विचारा, नाव सांगा. शब्द अडला तर त्यांच्याकडून मागून घ्या. आणि कोणी उर्दू शिकायला पाहत अडखळला, तर त्याला हसू नका. त्याला शब्द द्या आणि थोडे थांबा.