ओठांचा चंबू

७ ऑक्टोबर
फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं, "श्वास अडकतो कधी? घेताना की सोडताना?" सोडतानाच. दम्यात श्वासनळ्या आकसतात, आतली हवा नीट बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते. नव्या हवेला जागा कुठली? म्हणून सगळा भर सोडण्यावर. नाकाने सावकाश आत, मग ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ बाहेर. जोर लावून फुंकायचं नाही. माझे खांदे वर गेले की बाई बोटाने दाबून खाली आणत.

११ ऑक्टोबर
सकाळी उताणं पडून एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा वर यायला हवा, छातीवरचा जागच्या जागी. सांगायला काय जातं! शेवटी नातीचं पाढ्यांचं पुस्तक पोटावर ठेवलं. ते हलायला लागलं, तशी नात माझ्याबरोबर बे एके बे म्हणत बसली.

१४ ऑक्टोबर
शेजारचे नाना: "वहिनी, कपालभाती करा, दम्याचा पंप सुटेल." श्वास असा फेकला की मला खोकल्याची उबळ येते. रशियातल्या डॉ. ब्युतेको यांनी तर उलटं सांगितलं होतं: श्वास कमी, हळू आणि नाकानेच. अशा व्यायामांवरच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतला. रोजचं जगणं काहीसं सुकर होतं, असं त्यात दिसतं. पंप सुटतो असं मात्र नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
खिडक्या लावूनही भुईनळ्यांचा धूर आत. बोलताना वाक्य तुटायला लागलं. आधी सालब्युटामॉलचा पंप, स्पेसरची नळी लावून. मग खुर्चीत पुढे वाकून, कोपरं मांड्यांवर टेकून चंबू. औषध लागू पडेपर्यंतची मिनिटं फार वाईट. घाबरून भराभर श्वास घेतला की दम आणखी वाढतो. चंबूने तेवढी घाई आवरली. नळ्या सैल केल्या त्या औषधानेच.

२४ ऑक्टोबर
डॉक्टरांनी पीक फ्लोची, म्हणजे फुंकरीचा वेग मोजून लिहिल्याची, वही चाळली. स्टेरॉइडचा पंप रोज, नंतर चूळ भरायची. सालब्युटामॉलने उतार पडला नाही, बोलता येईना, ओठ निळसर दिसले, तर चंबू करत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं.

२ नोव्हेंबर
जिन्यात नवी युक्ती: दोन पायऱ्या श्वास घेत, चार सोडत. भाजीची पिशवी मात्र नातीकडे. नानांनी वरून विचारलंच, "सुटला का पंप?" मी सोडण्याच्या पायऱ्यांवर होते, उत्तर दिलं नाही.