अश्वशक्तीची परीक्षा

जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले आणि पाठशाळेंत थोडें संस्कृत शिकलेले आम्ही एक सेवानिवृत्त शिक्षक. आमचें सारें आयुष्य फळा, खडू आणि शब्दरूपें यांच्या संगतींत गेलें. मोटार ही बसून जाण्याची वस्तु, यापलीकडे तिच्याशीं आमचा परिचय नव्हता. त्यामुळें पुढील हकीकत वाचून एखाद्या जाणत्या वाचकास आमच्या अज्ञानाचें हसूं आलें, तर त्यानें खुशाल हसावें. परंतु गेल्या ज्येष्ठांत चाकणच्या एका यंत्रशाळेंत आम्हांस एक धडा मिळाला. आणि एकोणचाळीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांना धडे दिले, त्यानें स्वतःला मिळालेला धडा दडवून ठेवणें बरें नव्हे.

आमचें घर चिंचवडास, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर. आम्ही, आमचे धाकटे बंधु आणि दोघांची मुलेंबाळें अजून एकाच चुलीवर जेवतों. आमच्या जन्माआधीं तीन वर्षें, म्हणजे १९५४ सालीं, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें टाटांच्या मालमोटारी आणि आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी आल्या. ज्या शिवारांतून आम्ही हुरडा खाल्ला, तेथें कारखान्यांचे भोंगे वाजूं लागले. मग हा पसारा भोसरी-मोशीवरून इंद्रायणी ओलांडून थेट चाकणला जाऊन पोहोंचला. चाकण म्हटलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें १६६० सालीं शाएस्तेखानाशीं झुंजणारा फिरंगोजी नरसाळा उभा राहतो. आमच्या पुतण्याच्या डोळ्यांपुढें मात्र फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहतो. पिढ्यांचें अंतर म्हणतात तें हेंच असावें.

हा कारखाना २००९ सालीं सुरू झाला आणि २०१० सालीं त्या कंपनीनें आपल्या पोलो मोटारींची एक शर्यतमालिका भारतांत भरविली. पुतण्या तेव्हां चौदा वर्षांचा होता. त्यानें वर्तमानपत्रांतील चित्रें कापून कपाटाच्या दाराला आंतून चिकटविलीं. तीं चित्रें आम्ही पाहिलीं होतीं. मुलाचा नाद म्हणून सोडून दिलीं. आज तो इंजिनियर आहे, चाकणलाच नोकरी करतो. त्यानें २०२० सालची एक पोलो घेतली. पोलोचें उत्पादन २०२२ मध्यें बंद झालें, पण ही गाडी त्याच गांवांत तयार झालेली, याचें त्याला फार अप्रूप. एक लिटरपेक्षां किंचित् लहान, तीन सिलिंडरांचें तिचें इंजिन. परंतु त्याला टर्बो जोडलेला असल्यामुळें कंपनीच्या हिशेबानें त्याची शक्ति एकशें दहा घोड्यांची.

या गाडीवर त्यानें दोन वर्षांत चार लक्ष रुपये खर्च केले, आणि आषाढांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें घड्याळाशीं लावायच्या एका शर्यतींत आपण उतरणार असल्याचें घरांत जाहीर केलें. हे पैसे सदनिकेसाठीं सांठविलेले होते. आमच्या बंधूंनीं तेव्हांपासून मुलाशीं बोलणें सोडलें. तीन महिने बापलेक एका पंगतीला बसत, पण वरणाचें भांडेंहि आमच्या हातून इकडून तिकडे जाई. भावजयबाईंचा चेहरा पाहवत नसे. शेवटीं एके रात्रीं बंधु आम्हांस म्हणाले, "दादा, तुम्ही एकदां जाऊन बघून या. तुम्ही म्हणाल, तें मी मानीन."

म्हणून आम्ही एका रविवारीं पुतण्याबरोबर चाकणला गेलों. गाडीची 'डायनो'वर परीक्षा व्हावयाची होती. परीक्षा हा शब्द आमच्या ओळखीचा, एवढाच काय तो आम्हांस आधार.

डायनो म्हणजे जमिनींत बसविलेल्या पोलादी रुळांचें यंत्र. गाडीचीं पुढचीं चाकें त्या रुळांवर चढवितात आणि जाड पट्ट्यांनीं गाडी चोहों बाजूंनीं जखडून टाकतात. समोर माणसाएवढा पंखा वारा घालतो, मागें धूर बाहेर नेणारी नळी लावतात. मग गाडी जागच्या जागीं ताशीं दीडशें किलोमीटरांच्या वेगानें धांवते. चाकें रुळांना किती जोरानें ढकलतात आणि रूळ किती वेगानें फिरतात, या दोहोंच्या गुणाकारांतून शक्तीचा आकडा निघतो. कल्पना कांहीं आजची नव्हे. फिरत्या दांड्यावर लांकडी ठोकळे आवळून त्याचा जोर मोजण्याची युक्ति फ्रान्समध्यें प्रोनी नांवाच्या इंजिनियरानें १८२१ सालीं काढली. आणि घोड्यांचें माप त्याहूनहि जुनें, जेम्स वॅटचें. आज ज्या मापानें मोजतात, त्याप्रमाणें पाऊणशें किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति.

यंत्रशाळेचा चालक तिशीचा, हातापायांनीं काटक, बोलण्यांत मोजका. आम्ही शिक्षक हें कळतांच त्यानें आम्हांस 'गुरुजी' म्हणून खुर्ची दिली आणि कानांवर चढवावयास आवरणें दिलीं. आमच्या प्रश्नांना त्यानें कंटाळा न करतां उत्तरें दिलीं, म्हणूनच आम्ही हें लिहूं शकतों.

इंजिन हवा ओढून घेतें, तींत पेट्रोल मिसळून जाळतें, आणि जळका वायु बाहेर टाकतें. त्या फुकट जाणाऱ्या वायूच्या झोतानें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबावी, म्हणजे लहान इंजिन मोठ्याचें काम करील, ही टर्बोची युक्ति. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. हें मुठीएवढें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें. दाबलेली हवा तापते, म्हणून ती मध्यें थंड करावी लागते. हवा किती दाबावी, पेट्रोल किती द्यावें आणि ठिणगी नेमकी केव्हां पाडावी, हें ठरविणारा एक लहानसा संगणक गाडींत असतो. त्यांतले आकडे बदलून इंजिन जुळवून घेणें, याला हे लोक ट्यूनिंग म्हणतात.

पहिली फेरी झाली. पडद्यावर रेघ चढत गेली आणि ९४ वर टेकली. एकशें दहाचे चौऱ्याण्णव कसे, असें आम्ही विचारतांच चालक म्हणाला, "गुरुजी, एकशें दहा इंजिनाशीं. चाकांपर्यंत येईतों गिअर आणि दांडे आपला वाटा घेतात." सरकारी अनुदानाचीहि हीच गत, असें आमच्या ओठांवर आलें होतें, पण गप्प बसलों.

मग दोन तास आकडे बदलणें आणि फेरी घेणें चाललें. ९४ चे १०८ झाले, ११७ झाले, १२६ झाले. प्रत्येक फेरीनंतर इंजिन निवेपर्यंत थांबावें लागे. पुतण्याचे डोळे चमकत होते. त्यानें आणखी दाब वाढवावयास सांगितलें. चालकानें त्याच्याकडे एकदां पाहिलें, आंकडा बदलला आणि फेरी घेतली. पडद्यावर १३१ आले. पुतण्यानें टाळी वाजविली. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि वाजविली.

चालकानें मात्र लगेच दुसरी फेरी घेतली, कांहींहि न बदलतां. ती १२७ वर थांबली. मग त्यानें पडद्यावर दुसराच एक आलेख उघडला आणि बोट ठेवलें. "तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी बघा. संगणकानें सहा अंशांनीं मागें घेतली आहे. नॉक होतंय."

नॉक म्हणजे ठोका. ठिणगी पडावी आणि ज्योत एका कडेनें दुसरीकडे रीतसर पसरत जावी, हा इंजिनाचा धर्म. दाब आणि उष्णता बेतापलीकडे गेलीं म्हणजे ज्योत पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें आणि दट्ट्यावर घणाचा घाव बसावा तसा आघात होतो. इंजिनाला लावलेला एक संवेदक तो ऐकतो आणि संगणक ठिणगी उशीरा पाडून इंजिनाला जपूं पाहतो. असें फार वेळ चाललें तर दट्ट्या फुटतो.

"पण आम्हांस तर कांहींच ऐकूं आलें नाहीं," आम्ही म्हणालों.

"नाहींच येत, गुरुजी. गाडी छान पळत असते, आकडाहि वाढलेला दिसतो. बाहेर ऐकूं येतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो."

पुतण्या हट्टास पेटला. तिकडे लोक एकशें चाळीस घेऊन येतात, शंभर ऑक्टेनचें पेट्रोल घातलें म्हणजे ठोका जाईल, असें त्याचें म्हणणें. चालक शांतपणें म्हणाला, "आज इथें आहे. तिथें ऐन वेळीं मिळालें नाहीं तर? आपण पंच्याण्णववर लावूं. शिवाय इथें आपण समुद्रापासून सहाशें मीटर वर आहोंत. तिथें हवा दाट, म्हणून टर्बोला कष्ट कमी. पण दुपारचं ऊन्ह बघा. तापलेली हवा आंत गेली कीं ठोका लवकर येतो. मी एकशें बावीसवर ठेवीन. नऊ घोडे कमी. पण गाडी घरीं येईल."

पुतण्यानें आमच्याकडे वळून म्हटलें, "काका, तुम्हीच सांगा."

आम्ही तत्काळ उत्तर देऊं शकलों नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें ती यंत्रशाळा नव्हतीच. आमच्या डोळ्यांपुढें १९८३ सालची आमची माजघराची खोली होती.

वडील गेले तेव्हां धाकटे बंधु अकरा वर्षांचे होते. त्यांना आम्हींच वाढविलें, आम्हींच शिकविलें. मुलगा हुशार, दहावीला बोर्डांत यावा, ही आमची ईर्षा. पहाटे चारला उठवावें, रात्रीं अकरापर्यंत बसवावें, चुकलेलें गणित दहा वेळां लिहून घ्यावें. सहामाहीपेक्षां पूर्वपरीक्षेंत गुण वाढले. आम्हीं पेढे वांटले. डोकें दुखतें असें तो म्हणे. तें आम्हांस सबब वाटे. जेवतांना घांस हातांत धरून बसे, पाठ असलेलें अडखळे. तें आम्हांस आळस वाटे. आकडा वाढत होता ना! मार्चांत बीजगणिताच्या पेपराला तो अर्ध्या तासांत कोरी उत्तरपत्रिका ठेवून बाहेर आला, आणि नदीच्या घाटावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. पुढच्या वर्षीं पास झाला, आय्. टी. आय्. केली, पिंपरीच्या कारखान्यांत लेथवर छत्तीस वर्षें इमानानें काम केलें. पण त्या दिवसानंतर या माणसानें आयुष्यांत कोणतीहि गोष्ट पणाला लावली नाहीं. मुलानें लावली तेव्हां तो रागावला असें आम्ही समजत होतों. तो भ्याला होता.

"एकशें बावीस," आम्ही म्हणालों.

परत येतांना मोशीच्या गर्दींत गाडी अडकली. त्या तासाभरांत आम्ही पुतण्यास ही सारी गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. त्यानें कांहीं विचारलें नाहीं, फक्त एकदां, "बाबा घाटावर बसले होते?" एवढेंच म्हणाला.

घरीं बंधु ओटीवर होते. आम्हीं आलेखाचा कागद त्यांच्या हातांत दिला. सारा जन्म मापें वाचण्यांत घालविलेला माणूस, त्यांनीं चष्मा लावून दोन्ही रेघा नीट पाहिल्या आणि विचारलें, "एकशें एकतीस येत होते, मग खालीं कां आणलं?" आम्हीं ठोक्याचें सांगितलें. मग म्हणालों, "त्या वर्षीं तुझा ठोका आम्हांस ऐकूं आला नाहीं. ऐकावयास हवा होता." एवढें वाक्य म्हणावयास आम्हांस बेचाळीस वर्षें लागलीं.

ते बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिले. मग मुलाकडे न पाहतांच म्हणाले, "कमी कुणी करायला सांगितलं? यानं?"

"मिस्त्री म्हणाला, काकांनीं ठरवलं, आणि मीं ऐकलं," पुतण्या म्हणाला.

"हं," बंधु म्हणाले. "तिथें चाकांतली हवा कोण बघणार आहे?"

शर्यतीवर चार लक्ष रुपये घालणें शहाणपणाचें होतें, असा निर्णय आम्हीं दिलेला नाहीं आणि देणारहि नाहीं. पुढील वर्षीं सदनिकेचे पैसे आधीं, हें पुतण्यानें कबूल केलें आहे. परंतु मुलांच्या गुणांचे आकडे पाहून पेढे वांटणाऱ्या आम्हां वडील मंडळींना एक सांगावेंसें वाटतें: आकडा चढत असतो तेव्हांच कान अधिक जागा ठेवावा.

आषाढांत बापलेक दोघेहि चेन्नईस गेले. पुतण्या आपल्या वर्गांत सातवा आला. गाडी स्वतःच्या चाकांवर घरीं परत आली, आणि वाटेंत निम्मा रस्ता ती बंधूंनीं चालविली, असें भावजयबाईंकडून आम्हांस कळलें.