घाटातली नाडीपरीक्षा

अमेरिकेतले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर वसले आहे. आपले महाबळेश्वर त्याहून खाली! तरीही तिथल्या लोकांना आपण डोंगरावर राहतो असे मुळीच वाटत नाही. त्यांच्या लेखी डोंगर पुढे पश्चिमेला सुरू होतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी माझ्या मावसभावाकडे, दादाकडे, गेलो होतो. त्या दिवसांत रॉकी पर्वतातली ॲस्पेनची झाडे हळद माखल्यासारखी पिवळी होतात. ती पाहायला लव्हलँड खिंडीपर्यंत जायचे ठरले. दादाच्या दारात दोन मोटारी होत्या. एक मुलाने घेऊन दिलेली नवी, आणि दुसरी १९७२ सालची, पडावासारखी लांबरुंद.

"हिनेच जाऊ," दादा म्हणाला. "सोमवारी ती भंगारात जायची आहे."

शहरातल्या एका मिस्त्रीने निदान केले होते : गिअरबॉक्स संपला, इंजिनही धूर ओकते, दोन्ही दुरुस्त करायचे तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च. दादाने मान डोलावली होती. पण वहिनी याच गाडीवर मोटार शिकल्या होत्या. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, म्हणून त्यांची भीती गेली. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. स्टिअरिंगसमोर त्यांनी चिकटवलेला इवलासा गणपती मात्र जागेवर होता.

शहर सुटले आणि माउंट व्हर्नन कॅन्यनचा चढ लागला. गाडीने लगेच आपले दुखणे सांगायला सुरुवात केली. दादा ॲक्सिलरेटर दाबी, इंजिन मोठ्याने ओरडे आणि चाके मात्र आपल्याच चालीने चालत. वरचा गिअर पडायला फार वेळ लागे, आणि पडला की पाठीत धपाटा बसल्यासारखा हिसका येई. मागे पांढऱ्या धुराचा पट्टा! मला खंडाळ्याच्या घाटात रेडिएटर निववत उभ्या राहणाऱ्या जुन्या लॉऱ्या आठवल्या. तिथे निदान शिंग्रोबाला नाणे टाकून पुढे जाता येते.

चढ संपला, उतार लागला आणि आम्ही कसेबसे आयडाहो स्प्रिंग्जला पोहोचलो. १८५९ साली इथल्या ओढ्यात सोने सापडले आणि खाणवाल्यांची झुंबड उडाली. आता ते एक छोटेसे गाव आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये सत्तरी उलटलेला एक मिस्त्री बसला होता. दादाने त्याला सगळी कर्मकहाणी सांगितली. त्याने हत्यार उचलले नाही. "इंजिन चालूच ठेवा," एवढेच म्हणाला.

गाडी सपाटीवर, गिअर पार्कमध्ये, इंजिन तापलेले, अशा स्थितीत त्याने गिअरबॉक्सची तेलपट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या बरेच खाली होते. पण त्याने पट्टी नाकाशी नेली, बोटावर तेल चोळले आणि आम्हांला दाखवले. रंग लाल होता. "काळपट असते, जळका वास आला असता, तर मीच तुम्हांला भंगारवाल्याचा पत्ता दिला असता. आतल्या चकत्या अजून जळलेल्या नाहीत."

मग त्याने समजावून सांगितले. या गाडीत इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. समोरासमोर दोन पंखे ठेवा. एक चालू केला की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. तेल कमी झाले की चढावर ते मागे सरकते, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चकत्या घसरतात.

"पण जमिनीवर तर एक थेंब पडत नाही," दादा म्हणाला. "तेल जाते कुठे?"

म्हातारा हसला. त्याने रेडिएटर पाहिला. पाणी पुरेपूर होते. म्हणजे धूर पाण्याचा नव्हे. इंजिनाचे तेलही जागच्या जागी होते. म्हणजे धूर त्याचाही नव्हे. मग त्याने इंजिन बंद केले, गाडीखाली शिरून गिअरबॉक्सच्या अंगाला लावलेली रबरी नळी उपसली आणि आडवी धरली. नळीतून लाल थेंब टपकला.

ही नळी इंजिनाच्या ओढीची बातमी गिअरबॉक्सला पोहोचवते. त्यावरून गिअर केव्हा आणि किती जोराने बदलायचा ते ठरते. तिच्या टोकाला पत्र्याची एक डबी असते आणि डबीत रबराचा पडदा. तो पडदा फाटला होता. त्यामुळे बातमी चुकत होती, म्हणून हिसके. आणि इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचे तेल पीत होते, म्हणून धूर. शहरातल्या मिस्त्रीने दोन रोग सांगितले होते. रोग एकच होता, दोघांच्या मधल्या नळीत.

तसली डबी म्हाताऱ्याच्या खणात निघाली. एक बोल्ट काढून त्याने ती बदलली, तेलाने काजळलेला एक स्पार्क प्लग नवा घातला, आणि नरसाळ्याने थोडे थोडे तेल ओतत, पुनःपुन्हा पट्टी पाहत खुणेपर्यंत आणले. "जास्त भरले तर फेसाळते," तो म्हणाला. "धूर थोडा वेळ येईल, सायलेन्सरात साचलेले जळायला हवे. आणि वर गाडी मंदावली तर घाबरू नका. तिथली हवाच विरळ. अशा जुन्या इंजिनाची एकतृतीयांश ताकद खिंडीत जातेच. तो आजार नव्हे. मात्र गाडी जुनी आहे, हे विसरू नका."

आम्ही जॉर्जटाउन मागे टाकले. १९७३ साली उघडलेल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे न वळता जुन्या रस्त्याने खिंडीत चढलो. गाडी धापा टाकीत होती, पण घसरत नव्हती. ११,९९० फुटांवर उतरलो तेव्हा वारा अंग कापीत होता आणि मागचा धूर थांबला होता. खाली दरीभर ॲस्पेनचे सोने पसरले होते. दादा मात्र तिकडे पाठ करून, बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. "राँग नंबर," म्हणून दादाने तो खाली ठेवला.