न दिसणारे चार बॉयलर

जहाजाचं मॉडेल करायचं तर नुसतं नाव ठरवून भागत नाही, तारीखही ठरवावी लागते. ‘विक्रांत करायला घेतली आहे’ असं मी म्हटलं, की माहितगार माणूस लगेच विचारतो, ‘कुठल्या सालची?’ प्रश्न रास्तच असतो. ४ मार्च १९६१ला बेलफास्टच्या धक्क्यावर नौदलात दाखल झालेली विक्रांत वेगळी, आणि पुढे ऐंशीच्या दशकात वाफेचं कॅटपल्ट काढून, डेकचं पुढचं टोक घसरगुंडीसारखं वर उचलून, सी हॅरियर विमानांसाठी सजवलेली विक्रांत वेगळी. लग्नाच्या फोटोतली आई आणि नातवाच्या मुंजीतली आई, दोघी एकच. पण चित्र काढायचं तर कुठली ते आधी सांगायला नको का?

आमच्या घरी हा प्रश्न चुटकीसरशी सुटला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्म्यावरून पाहत सांगितलं, “एकाहत्तर. डिसेंबर.” आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

अण्णा त्या वर्षी विक्रांतवर होते. स्टोकर. म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी. नौदलातली पंधरा वर्षं संपवून ते इंदूरला आले आणि एका कापड गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये लागले. समुद्र सुटला, वाफ सुटली नाही, असं आई म्हणायची. बॉयलरला हवा पुरवणाऱ्या पंख्यांच्या अखंड आवाजानं त्यांचे कान लवकरच गेले. श्रवणयंत्र आणून दिलं, ते टेबलाच्या खणात पडून असतं. आई गेल्यावर तर आमचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतलीत का’ या दोन वाक्यांवर आलं होतं, तीही ओरडून. आरडाओरडा करून सुखदुःखाच्या गोष्टी बोलता येत नाहीत.

माझा हा नाद मात्र अण्णांमुळे लागलेला नाही. मामेभावानं लंडनहून स्पिटफायर विमानाच्या प्लास्टिकच्या सुट्या भागांचं खोकं आणलं होतं, तिथून सुरुवात झाली. बँकेतून आल्यावर कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत एखादा भाग कानशीनं घासायचा. ते विमान १:७२ प्रमाणातलं होतं. हा बहात्तरचा आकडा कुठून आला, याचं मला फार कुतूहल होतं. उत्तर अगदी सोपं निघालं: सहा फुटांना एक इंच. म्हणजे एक उंच माणूस बरोबर एक इंचाचा! इंग्लंडमध्ये १९३६ साली या प्रमाणातली प्लास्टिकची विमानं विकायला आली. पुढे महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली पाच लाख लाकडी विमानं करून घ्यायचं ठरवलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून. आज ज्याला आपण फावल्या वेळेचा छंद म्हणतो, त्यावर तेव्हा कुणाचा तरी जीव अवलंबून होता.

जहाज १:७२मध्ये करायचं तर दिवाणखान्याची भिंत पाडावी लागेल. विक्रांत सातशे फूट लांब, म्हणजे सुमारे २१३ मीटर. मी १:३५० हे प्रमाण घेतलं, तेव्हा ती ६१ सेंटिमीटरची झाली. शोकेसमध्ये आडवी मावेल एवढी. या मापात माणूस अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. डेकच्या कडेचा कठडा तीन मिलिमीटर उंच.

सांगाडा तीन मिलिमीटरच्या प्लायवूडचा. आधी माशाच्या काट्यासारखा मधला कणा, त्यावर आडव्या बरगड्या, आणि मग बाहेरून लाकडाच्या पातळ पट्ट्या. पट्ट्या वाकवायच्या तर कोमट पाण्यात भिजत घालायच्या. आमच्याकडे त्या पोळ्यांच्या परातीत भिजत असत. फटी लांबीनं बुजवायच्या, घासायचं, पुन्हा बुजवायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गंमत येते ती पुढे. वापरून उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन्ही टोकांनी ओढायची. केसाइतकी बारीक तार निघते. बिनतारी यंत्रणेचे तारांचे दोर त्यातूनच होतात. डेकच्या कडेला उंच जाळीदार डोलकाठ्या असत. विमानं उडायच्या वेळी त्या बाहेरच्या बाजूला, पाण्यावर आडव्या पाडत. माझ्या डेकवर विमानं उड्डाणाच्या तयारीत आहेत, तेव्हा काठ्याही आडव्याच हव्यात. हे नकळणारे लोक येतात आणि ‘अगं, मोडल्या वाटतं’ म्हणतात.

रंगाच्या वेळी घरात पहिलं भांडण झालं. छोट्या वस्तूवर खऱ्याचा खरा रंग जसाच्या तसा लावला, तर तो गडद आणि खोटा दिसतो. लांबचं जहाज आपण मध्ये पसरलेल्या हवेतून पाहतो, म्हणून ते फिकट दिसतं. तेव्हा राखाडीत थोडा पांढरा मिसळायचा आणि चकाकी काढून टाकायची. इथवर अण्णा काही बोलले नाहीत. पण हौशी मॉडेलवाल्यांचा आणखी एक लाडका उद्योग असतो: जहाज वापरातलं वाटावं म्हणून नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ काढायचे. मी पातळ तपकिरी रंगात कुंचला बुडवला आणि अण्णांनी माझा हात धरला.

“काय करतेस?”

“गंज दाखवते आहे.” मी पाटीवर लिहून दिलं. (जवळ पाटी ठेवायची युक्ती तेव्हा सुचली, आणि घसे वाचले.)

“विक्रांतवर गंज? अगं, गंज खरवडून रंग मारण्यात पोरांचे तळहात फाटायचे. आणि तू फुकटचा चढवतेस?”

गंज गेला. मग मी धुराड्याच्या तोंडाला थोडी काजळी फासायची परवानगी मागितली. त्यावर तर ते खरोखरच दुखावले. काळा धूर म्हणजे तेल पुरतं जळत नाही, हवा कमी पडते आहे. पांढरा धूर म्हणजे हवा जास्त झाली. युद्धनौकेचा काळा धूर क्षितिजापलीकडून शत्रूला दिसतो. तेव्हा काळा धूर निघाला, की वरून पहिला फोन खाली स्टोकरला. “काजळी दाखवलीस, तर ती माझी अब्रू,” ते म्हणाले. कितीतरी वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते.

विमानांबाबत मात्र त्यांची काही मदत झाली नाही. डेकवर घडणारं त्यांनी पाहिलंच नव्हतं! म्हणून २०१८ साली पाहून आलेलं गोव्यातलं दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय मला उपयोगी पडलं. तिथे सी हॉक उभं आहे, तीन माणसांचं अलिझेही आहे. सी हॉक मला मोठं देखणं वाटतं. इतर जेट विमानांसारखं त्याचं नळकांडं शेपटीतून निघत नाही. इंजिनाचा झोत दोन भागांत फुटून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. माझ्या प्रमाणात ते साडेतीन सेंटिमीटरचं, आणि पंखावरचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. जुन्या कृष्णधवल फोटोंत केशरी आणि हिरवा दोन्ही राखाडीच दिसतात, त्यामुळे नुसत्या फोटोवर विसंबून रंग लावता येत नाही.

पण विमान गेलेलं अण्णांना कळत असे. कॅटपल्टचा दणका पायांतून यायचा. ते कॅटपल्ट चालायचं ते यांच्याच वाफेवर. ४ डिसेंबरला सकाळी याच डेकवरून सी हॉक विमानं कॉक्स बाझारवर गेली, तेव्हा अण्णा बावीस वर्षांचे होते आणि खाली उभे राहून दणके मोजत होते. मग परत येणारी मोजायची. “आकडा जुळला, की चहा,” ते म्हणाले. इतकंच.

त्यातून बॉयलरचा विषय निघाला. विक्रांतला चार बॉयलर होते. दोन बॉयलर आणि एक टर्बाइन एका दालनात, तशी दोन दालनं, आणि तीही एकामागे एक सरळ रेषेत नाहीत, तिरकी; म्हणजे एका टॉर्पेडोत दोन्ही बंद पडू नयेत. अण्णांनी हे सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं काढून दाखवलं, शिड्यांसकट. युद्धाच्या आधी पाण्याच्या ड्रमांत तडे सापडले होते, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमान उडवायला डेकवर समोरून जोराचा वारा लागतो. तो काही निसर्ग देतो, काही जहाजाचा वेग. वेगच कमी, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला हिशेब. हा जुगार आहे हे ठाऊक असूनही तिला बंगालच्या उपसागरात धाडलं.

“बॉयलर करशील?” त्यांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, ‘दिसणार नाहीत. वरून डेक बसेल.’

“मी तरी कुठे दिसत होतो?”

चार बॉयलर केले. प्रत्येक सुपारीपेक्षा थोडा लहान. बाजूला शिड्याही लावल्या. एकावर, अण्णांनी सांगितलं तिथे, सुईच्या टोकानं बारीक रेघ ओढली.

खरी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ साली सुमारे साठ कोटींना भंगारात विकली गेली. न्यायालयात दाद मागून झाली, तीही फेटाळली गेली. दारूखान्यात तिचे तुकडे पडत असताना अण्णा त्या बातमीचं पान उलटून पुढे जात. एवढं मोठं जहाज जपणं खर्चाचं, हे मान्य. पण त्या पोलादातला एक बॉयलर तरी कुठे ठेवता आला असता, असं मला आजही वाटतं. तिचं थोडं पोलाद २०१६ साली बाजारात आलेल्या बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलमध्ये गेलं. आमच्या भाच्यानं ती घेतली. दाराशी उभी असली, की अण्णा जाता-येता टाकीवर हात ठेवतात. २०२२ साली नवी विक्रांत नौदलात आली तो सोहळा त्यांनी टीव्हीवर आवाज न लावता पाहिला. तिला गॅस टर्बाइन आहेत हे समजल्यावर म्हणाले, “चला, पोरांना उकाडा कमी.”

डेक बसवायचा दिवस ठरला, तेव्हा अण्णा दाढी करून येऊन बसले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी एकदा आत पाहिलं. मी कडेनं गोंद लावला आणि डेक ठेवला. तो पक्का होईपर्यंत दाबून धरावा लागतो. त्यांनी मला बाजूला केलं आणि दोन्ही तळवे डेकवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. बरोबर पंधरा मिनिटांनी हात काढले.

“धुराडं कधी?” त्यांनी विचारलं.

‘उद्या’, मी पाटीवर लिहिलं, आणि त्याखाली: ‘स्वच्छ राखाडी.’