बलूचं उत्तर

गेल्या दिवाळीत नागपूरला गेलो होतो. लेकीने शाळेत किपलिंगची गोष्ट ऐकलेली, त्यामुळे मोगलीचं जंगल बघायचंच असा हट्ट. म्हणून एक दिवस सिल्लारीच्या गेटने पेंचमध्ये शिरलो. वाघाने अर्थातच दर्शन दिलं नाही. लंगूर मात्र इतके दिसले की शेवटी शेवटी कुणी मान वळवून बघेना.

त्याच रात्री घरी तिला डिस्नेचा जुना, १९६७ सालचा 'द जंगल बुक' लावून दिला. आमच्या पिढीचा मोगली म्हणजे दूरदर्शनवरचा, जपानी मालिकेतला. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजचं संगीत आणि रविवारची सकाळ. डिस्नेचा सिनेमा मी खूप उशिरा, नोकरीला लागल्यावर पाहिला आणि त्यातल्या एका गाण्याने मला जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही.

ते गाणं माकडांच्या राजाचं, किंग लुईचं. पडक्या देवळात माकडं मोगलीला पळवून आणतात आणि हा राजा त्याला गाण्यातून सांगतो की मला माणूस व्हायचंय, आग कशी पेटवायची ते शिकव. "आई, हा तर ओरांगउटान! हे बोर्निओ नाहीतर सुमात्रात असतात. पेंचमध्ये कुठून आला?" लेकीचा प्रश्न. प्रश्न बरोबरच आहे. किपलिंगच्या पुस्तकात हा राजा नाहीच. तिथल्या बंदरलोगांना ना राजा ना कायदा. माणसांची नक्कल करायची आणि पुढच्या क्षणी सगळं विसरायचं एवढाच त्यांचा धंदा.

राजा आला तो जॅझमुळे. या सिनेमासाठी आधी टेरी गिल्किसनने गाणी लिहिली होती. ती पुस्तकाला धरून होती, पण वॉल्ट डिस्नेला फार गंभीर वाटली. त्यातलं बलूचं एक गाणं तेवढं राहिलं (आणि गंमत म्हणजे ऑस्करचं नामांकन त्यालाच मिळालं!). बाकीची लिहिली शर्मन बंधूंनी. माकडं म्हणजे झाडावरून झोके घेणारी, मग त्यांचं संगीतही 'स्विंग'च हवं, असा हा सगळा शब्दाचा खेळ. राजासाठी आधी लुई आर्मस्ट्राँगचं नाव निघालं होतं. पण काळ्या गायकाला माकडाचा आवाज द्यायला लावणं बरं दिसणार नाही हे लक्षात आलं आणि न्यू ऑर्लिन्सच्याच, पण इटालियन वंशाच्या लुई प्रिमाला बोलावलं. तरीही जॅझ गाणारं माकड माणूस व्हायचं म्हणतं, हे अनेकांना खुपलं आणि आजही खुपतं. मला गाणं कितीही आवडत असलं तरी ते खुपणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

प्रिमा आपला अख्खा बँड घेऊन आला. स्टेजवर ती मंडळी वाजवता वाजवता जो धिंगाणा घालत, तो बघून चित्रकारांनी पडद्यावरची माकडं नाचवली. आपण समजतो चित्राला संगीत देतात. इथे संगीतावरून चित्र आलं.

तर हे सगळं चाललेलं असताना बाबा आपले आरामखुर्चीत पेपर घेऊन. बाबांना सिनेमाचं काही नाही. आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि संध्याकाळी पेटी घेऊन गाणं शिकवलं. मलाही तेच शिकवायचे. गाणं मधोमध आलं, प्रिमाने शब्द सोडून नुसती निरर्थक अक्षरं फेकायला सुरुवात केली आणि पेपर खाली आला.

"हा तराणा म्हणतो की काय?"

"याला स्कॅट म्हणतात बाबा."

माकडाचा वेष घेऊन घुसलेला बलू आता राजाला उत्तरं द्यायला लागला होता. बाबांनी मान पुढे काढली. "पण हा परत नाही म्हणत आहे. आपलंच म्हणतोय."

मग मी त्यांना सांगितलं. बलूचा आवाज फिल हॅरिसचा. तो स्वतः बँड चालवलेला माणूस. प्रिमा आणि हॅरिस हे गाणं एकत्र गायलेच नाहीत. प्रिमाचं रेकॉर्डिंग आधी झालं. राजा म्हणेल तेच बलूने जसंच्या तसं परत म्हणायचं असं ठरलेलं होतं. हॅरिस नंतर स्टुडिओत आला आणि नक्कल करायची सोडून त्याने स्वतःची उत्तरं दिली. तीच सिनेमात राहिली. सबंध गाणं 'मला तुझ्यासारखं व्हायचंय' असं म्हणणारं, आणि त्यातली सगळ्यात बहारदार जागा अशा माणसाची ज्याने दुसऱ्यासारखं व्हायला नकार दिला.

एवढं बोलून गेले आणि मग माझं मलाच जाणवलं की मी काय बोलले.

१९९२ साल. मी बारा वर्षांची. गणेशोत्सवातली गाण्याची स्पर्धा, साथीला पेटीवर बाबा. भूपातला छोटा ख्याल, पाच ताना पाठ केलेल्या. तिसऱ्या तानेला काय झालं कोण जाणे, मी वेगळीच निघाले. मध्यम-निषाद काही लागला नव्हता, समेवरही आले असते. पण बाबांनी पेटी थांबवली. सगळ्यांसमोर हळूच म्हणाले, "पाठ केलेली घे." मी घेतली. बक्षीसही मिळालं. त्यानंतर सहा महिन्यांत मी गाणं सोडलं. अभ्यासाचं कारण सांगितलं. बाबांनी एकदाही विचारलं नाही आणि मीही एकदाही सांगितलं नाही.

सिनेमा संपला. लेक झोपली. बाबा उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "पुढे काय घेणार होतीस तू?"

कुठला दिवस हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त माझ्याच लक्षात आहे.

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. पंचमावरून वर गेले होते एवढं आठवतं. धैवतावर जरा थांबले होते, तेही आठवतं. पुढचं काही आठवत नाही. ते कधी गायलंच गेलं नाही, तर आठवणार तरी कसं? हॅरिसचं नशीब असं की त्याला कुणी थांबवलं नाही आणि टेप चालू होती.

"नाही आठवत बाबा," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. जरा वेळाने पेटीवरचं कापड काढलं, भाता उघडला आणि बारीक आवाजात षड्ज धरून बसले. सूर काही लावला नाही, मला गा असंही म्हणाले नाहीत. नुसते थांबले.

माझा आवाज आता पार गेलाय. पंचमाच्या वर जाताना चिरकला. पण त्यांनी पेटी थांबवली नाही.

असो. दुसऱ्या दिवशी रेल्वेत लेकीने विचारलं, रात्री कोण गात होतं? मी म्हटलं, बलू!