खरवडलेलें नांव

जुन्या व दुर्लक्षित ध्वनिमुद्रिकांवर आपण सर्वांनीं मिळून एक पुस्तक लिहावें, ही कल्पना प्रथम कोणाची, हें आतां सांगणें कठीण आहे. आमच्या मंडळींतील प्रत्येकजण तो मान दुसऱ्यास देतो. आणि पुस्तक तीन वर्षें रखडलें असल्यामुळें या देण्यांत औदार्यापेक्षां सावधगिरीच अधिक असावी. मंडळी म्हणजे एक सेवानिवृत्त प्राध्यापक, एक तबला शिकविणारे गृहस्थ, बँकेच्या हिशेबांत आयुष्य घालविलेल्या एक ताई, जुने फोनो दुरुस्त करून देणारे एक कारागीर आणि आम्ही. दर रविवारीं दुपारीं आमच्या माडीवर बैठक भरते, चहा होतो, आणि कोणीतरी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानें एक काळी तबकडी पुसूं लागतो.

पुस्तकाचे नियम आम्हीं पहिल्याच बैठकींत ठरविले. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तबकड्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, त्या वगळाव्या. गाणें चांगलें असूनही ज्यांची आठवण कोणी काढीत नाहीं, अशांच्याच तबकड्या घ्याव्या. प्रत्येकानें आपल्या संग्रहांतून दहा निवडाव्या, त्या सर्वांसमक्ष लावाव्या, आणि सर्वांनीं मान डोलविली तरच लिहावयास बसावें. नियम सोपे होते. अडचण आणली ती आमच्याच घरच्या एका तबकडीनें.

ती तबकडी आमच्या आजीची. दहा इंचांची, कडेला केसाएवढा तडा गेलेली. आणि मधोमध, जेथें गाणाराच्या नांवाचा कागद असावयाचा, तेथें नुसते ओरखडे. त्या ओरखड्यांची हकीकत आमच्या आईनें आम्हांस सांगितली. आजी सून होऊन घरांत आली, तेव्हां पणजोबांनीं नुकताच फोनो विकत घेतला होता. नाटकांतील पदें दिवाणखान्यांत उघडपणें वाजत. एका पाहुण्याबरोबर मात्र एका गाणाऱ्या बाईची तबकडी घरांत आली आणि पणजोबांच्या दृष्टीस पडली. असल्या बाईचें नांव आपल्या घरांत नको, ती फोडून टाका, असा हुकूम सुटला. आजीनें ती फोडली नाहीं. रात्रीं निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरांत बसून तिनें सुरीनें कागद खरवडून काढला आणि तबकडी इतर तबकड्यांच्या तळाशीं ठेवून दिली. पुढें पुरुषमंडळी कचेरीस गेलीं कीं दुपारीं ती लागत असे. पणजोबांनींही ती कधींतरी ऐकली असावी. कारण स्नान करतांना ते तीच चाल गुणगुणत, असें आई हंसत सांगे. आजी तांदूळ निवडतांना तें पद म्हणे, आणि लहानपणीं आम्हांस तें आजीचेंच गाणें वाटे.

बैठकींत ही तबकडी लावली, तेव्हां तीन मिनिटें कोणी बोललें नाहीं. ध्वनिमुद्रण कर्ण्यांतून केलेलें. म्हणजे १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारें यंत्र येण्यापूर्वींचें. त्या काळीं कर्ण्यांत तोंड घालून, सगळा जोर लावून गावें लागे. हलकी आस त्यांत उमटतच नसे. असें असतां या बाईंनीं शेवटचा अंतरा इतक्या हळुवारपणें सोडला आहे कीं, तबला शिकविणारे आमचे स्नेही चहाचा पेला हातांत धरून तसेच बसून राहिले. मग प्राध्यापकांनीं विचारलें, "गातें कोण?"

गाणें संपतांच त्या बाई स्वतःचें नांव सांगतात. हा त्या काळचा प्रघात होता. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. त्यांच्या कितीएक तबकड्यांच्या अखेरीस त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारतांना ऐकूं येतात. मेणावर घेतलेलीं हीं मुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात व तेथें तबकड्या तयार होत. तेथील कामगारांस गाणार ओळखूं यावा म्हणून नांव गाण्यांतच सांगून ठेवावयाचें, असा त्यांतील हेतु सांगतात. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला, तरी ही संवय एकदम सुटली नाहीं. आमच्या तबकडींत मात्र तें नांव नेमकें झिजलेलें आहे. तबकडी एकाच गतीनें फिरते, म्हणून मध्याजवळच्या रेषांत आवाज दाटीनें बसतो आणि तोच भाग लवकर बिघडतो. शिवाय एका वेळेसाठीं केलेली पोलादी सुई आमच्या घरांत महिना महिना पुरविली जाई. सबंध नांवापैकीं शेवटचें "बाई" एवढेंच आतां कानीं येतें.

कागदाच्या कडेला तबकडींतच उमटविलेला एक क्रमांकही असतो. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकानें १८९९ ते १९०८ पर्यंतच्या हिंदुस्थानांतील मुद्रणांची यादी १९९४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली आणि पुढील वर्षांचें कामही चालू ठेवलें. १९९० सालीं मुंबईस स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनें 'द रेकॉर्ड न्यूज' या आपल्या नियतकालिकांतून असलेंच काम केलें. अशा याद्यांच्या आधारें नुसत्या क्रमांकावरून गाणार सांपडतो. परंतु आजीची सुरी कागदापाशीं थांबली नव्हती. क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे तिच्याखालीं गेले. उरलेल्या आंकड्यांवरून शंभर जागा संभवतात, आणि त्यांत "बाई" एक नाहीं, अनेक आहेत.

येथें आमचा अपराध कबूल केला पाहिजे. त्या नांवांत एक नांव पुष्कळ प्रसिद्ध होतें. आवाज जुळतो, काळ जुळतो, असें आमच्या मनानें घेतलें. आणि त्या नांवाखालीं चार पानें लिहून आम्हीं तीं मोठ्या उत्साहानें वाचून दाखविलीं. प्राध्यापकांस तीं पसंत पडलीं. ताईंनीं तबकडी पुन्हां लावावयास सांगितली, डोळे मिटून अखेरपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "नांव लहान आहे. तुम्ही म्हणतां तें या जागेंत मावत नाहीं. बेरीज जुळत नसेल तर आम्ही रकाना मोकळा ठेवीत असूं. भलता आंकडा घालीत नसूं." थोडें थांबून त्या पुढें म्हणाल्या, "आजींनीं नांव खरवडलें तें तबकडी वाचावी म्हणून. तुम्ही दुसऱ्याचें नांव चिकटविलेंत, तर ही बाई दुसऱ्यांदा पुसली जाईल, आणि या वेळीं छापून."

तीं चार पानें आम्हीं त्याच दिवशीं फाडून टाकलीं.

दुसरी अडचण घरांतून आली. खरी हकीकत लिहिणार असें कळतांच आमचे थोरले बंधू म्हणाले, "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पणजोबांनीं त्या काळास धरून केलें." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पणजोबांनीं पदरमोड करून गरीब विद्यार्थ्यांस वारानें जेवूं घातलें होतें. त्यांची आठवण त्या एका हुकुमानें व्हावी, हें आम्हांसही रुचत नव्हतें. परंतु या तबकडीकडे कोणी लक्ष दिलें नाहीं, तो दोष काळाचा, असें लिहावयास बसलों म्हणजे लेखणी अडे. काळानें तड्यापलीकडे तिला कांहीं केलेलें नाहीं. गाणें हवें आणि गाणारीचें नांव नको, हा आमच्या घरचा निवाडा होता. आणि असे निवाडे आमच्याच घरीं झाले, असेंही नव्हे. बंधूंस आम्हीं तबकडी ऐकविली. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग, "आजीचें गाणें हें," एवढेंच म्हणाले. त्यांनीं पुढें विरोध केला नाहीं.

आतां तें पान तयार आहे. वर क्रमांक, दोन आंकडे गाळून. त्याखालीं गाण्यांत काय ऐकावें, तें तबला शिकविणाऱ्या स्नेह्यांनीं लिहिलें आहे. मग आजीची हकीकत. नांवाची जागा कोरी ठेवून तेथें "आमच्या घरीं खरवडलें गेलें" एवढे शब्द घातले आहेत.

कंपनी एका गाण्याच्या एकट्या आमच्यासाठीं तबकड्या काढीत नव्हती. हिची जोडीदारीण कोणाच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागें, जुन्या पेटींत अजून पडून असेल, आणि तिच्यावरचा कागद शाबूत असेल. वाचकांपैकीं कोणास अशी पेटी सांपडली, तर तबकड्या भंगारांत देण्यापूर्वीं एकेक कागद पुसून त्यावरील नांव घरांतल्या सर्वांस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें वाचावें, एवढीच आमची विनंती आहे.